बाबांच्या गोळ्या घरीच बनवल्या तर?

या वेळचं पत्र लालबागहून आलंय. नाव छापू नका म्हणालाय, त्यामुळे नाव देत नाही. पत्र बरंच मोठं आहे, कामापुरतं देते, शब्द त्याचेच आहेत:

"ताई, मी २६ वर्षांचा, बी.एस्सी. केमिस्ट्री, सध्या एका बँकेच्या बॅक ऑफिसला आहे. बाबा प्रेसमध्ये होते, पेन्शन नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांचा हार्टचा व्हॉल्व्ह बदलला, तेव्हापासून रक्त पातळ करायची एसिट्रॉम चालू आहे, शिवाय बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, ॲसिडिटी. महिन्याला ४,३०० रुपये नुसते गोळ्यांचे जातात. मध्यंतरी व्हिडिओ बघितला, ऑस्ट्रेलियात शाळेतल्या पोरांनी ७५० डॉलरची गोळी शाळेच्या लॅबमध्ये बनवली, आणि अमेरिकेत एक ग्रुप लोकांना घरी औषधं बनवायला शिकवतोय. मला रिॲक्शन वाचता येतात. प्रिन्सेस स्ट्रीटला ग्लासवेअर मिळतं. ते नाही जमलं तर तयार पावडर ऑनलाइन मागवून रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरता येईल. जमलं तर चाळीतल्या दोघातिघांनाही देईन, त्यांचीही तीच बोंब आहे. आई म्हणते तुला वेड लागलंय, पण ती स्वतः बाबांना रोज गुळवेलीचा काढा देते. खरं काय ते सांगा."

अरे, वेड वगैरे काही लागलेलं नाही तुला. बापाच्या औषधाचं बिल बघून ज्या मुलाच्या डोक्यात असा विचार येतो त्याला मी वेडा म्हणणार नाही. पण उत्तर आधी सांगून टाकते म्हणजे तू शेवटपर्यंत टांगून राहणार नाहीस. औषधाचा रेणू घरी बनवता येईल का, तर काही औषधांच्या बाबतीत हो, येईल, तुझ्याइतकं शिकलेल्याला येईल. ते बाबांना द्यायचं का, तर नाही. आणि एसिट्रॉमच्या बाबतीत तर अजिबातच नाही, तो विचार आजच सोड.

आता का ते सांगते. मी ३१ वर्षं औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला काढली, म्हणजे बनवणारे वेगळे, आम्ही तपासणारे. त्यामुळे माझं बोलणं थोडं तपासणाऱ्याच्या बाजूनं झुकलेलं वाटेल, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

तू कॉलेजात ॲस्पिरिनचं प्रॅक्टिकल केलंच असशील. सॅलिसिलिक ॲसिड, ॲसेटिक अनहायड्राइड, दोन थेंब ॲसिड, वॉटर बाथवर गरम केलं, बर्फात ठेवलं, पांढरे सुईसारखे स्फटिक खाली बसले, गाळून घेतले. सोपं होतं ना? मग सरांनी त्यातला चिमूटभर घेऊन फेरिक क्लोराईडचा थेंब टाकायला लावला असेल आणि निम्म्या वर्गाच्या टेस्ट ट्यूबमध्ये जांभळा रंग आला असेल. तो जांभळा रंग म्हणजे रिॲक्शन न झालेलं सॅलिसिलिक ॲसिड अजून आत आहे. दिसायला दोन्ही पांढरंच. आता आठव, त्या दिवशी तुझ्या बॅचमधल्या कुणी आपली ॲस्पिरिन घरी नेऊन आजीला दिली का? नाही दिली, कारण सगळ्यांना माहीत होतं की हे ॲस्पिरिन "बनलंय" पण औषध झालेलं नाही. आणि ही सगळ्यात सोपी रिॲक्शन, एका स्टेपची. बाबांच्या गोळ्यांमधली बहुतेक औषधं अनेक स्टेपची आहेत, प्रत्येक स्टेपला काहीतरी मागे राहतं, आणि प्रत्येक वेळी फेरिक क्लोराईडसारखी एका थेंबात खरं सांगणारी टेस्ट नसते.

ऑस्ट्रेलियातल्या पोरांची गोष्ट खरी आहे, आणि मला फार आवडते. २०१५ मध्ये अमेरिकेत मार्टिन श्क्रेली नावाच्या माणसाच्या कंपनीनं डाराप्रिम या जुन्या गोळीची किंमत साडेतेरा डॉलरवरून एकदम ७५० डॉलर केली. एका गोळीची. जगभर बोंबाबोंब झाली. २०१६ मध्ये सिडनी ग्रामर स्कूलच्या मुलांनी तेच औषध, पायरिमेथामिन, शाळेच्या लॅबमध्ये बनवून दाखवलं, ३.७ ग्रॅम, खर्च २० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास. पण व्हिडिओत एक गोष्ट पटकन निघून जाते. त्या मुलांच्या मागे सिडनी युनिव्हर्सिटीचे केमिस्ट उभे होते, कुठली रिॲक्शन धोक्याची ते सांगायला होते, आणि जे बनलं ते खरंच तेच आहे का हे बघायला युनिव्हर्सिटीची मशिनं होती. आणि ते औषध त्यांनी कुणाला खायला दिलं नाही. त्यांना दाखवायचं होतं की किंमत अन्यायाची आहे, ते त्यांनी दाखवलं.

अमेरिकेतला तो ग्रुप म्हणजे बहुधा फोर थीव्ज व्हिनेगर, मायकेल लॉफर नावाच्या गणिताच्या माणसानं सुरू केलेला. २०१६ मध्ये त्यांनी जीवघेण्या ॲलर्जीवरचं इंजेक्शन, जे तिकडे दोनाच्या पॅकला ६०० डॉलरला विकलं जात होतं, ते साधारण ३० डॉलरच्या सामानात कसं जुळवायचं ते सगळ्यांना दाखवलं. त्यांचा राग मला समजतो. ज्याला औषध मिळतच नाही, मिळालं नाही तर मरण आहे, त्यानं घरी बनवलेलं घ्यावं की नाही हा प्रश्न सोपा नाही आणि मी इथं मुंबईत पंख्याखाली बसून त्याला नाही म्हणणार नाही. पण तुझं तसं आहे का, हे बघ. तो राग अमेरिकेतल्या किमतीवरचा आहे. तीच पायरिमेथामिन आपल्याकडे तेव्हाही काही रुपयांत मिळत होती.

हे असं का, तर १९७० चा आपला पेटंट कायदा. त्यानं औषधाच्या रेणूवरचं पेटंट काढून टाकलं, फक्त बनवायच्या पद्धतीवर ठेवलं, म्हणून आपल्या कंपन्या वेगळ्या पद्धतीनं तेच औषध बनवून स्वस्तात विकायला लागल्या. २००५ मध्ये रेणूवरचं पेटंट परत आलं, तोपर्यंत इथं एवढी तयारी झाली होती की २००१ मध्ये आपल्या मुंबईच्याच सिप्लानं एचआयव्हीची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, जेव्हा परदेशी कंपन्यांचं बिल १० हजार डॉलरच्या वर जात होतं. आणि २०१२ मध्ये कॅन्सरच्या सोराफेनिबवर सरकारनं सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंट असूनही दुसऱ्या कंपनीला ते बनवायची परवानगी दिली, महिन्याचे २ लाख ८० हजार होते ते ९ हजारांच्या आत आले. सांगायचं हे की औषध स्वस्त करायचं काम इथं झालेलं आहे, चांगल्या लॅबमध्ये, तपासून झालेलं आहे. बाबांच्या बिलातले ४,३०० रुपये रेणूचे नाहीतच, त्यातले बरेचसे ब्रँडचे आहेत. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

आधी ती एसिट्रॉम. ही गोळी हातात घेऊन बघ, केवढीशी आहे. त्यात औषध असतं १ ते ४ मिलिग्रॅम, बाकीचं सगळं भरताड, म्हणजे गोळी धरता यावी म्हणून घातलेली पावडर. आता तू म्हणतोस कॅप्सूल भरेन. २ मिलिग्रॅम मोजणार कशावर? किचनचा काटा १ ग्रॅम दाखवतो. झवेरी बाजारात सोनं तोलायचा साधा छोटा काटा घेतलास तर तो १० मिलिग्रॅमचा फरक दाखवेल, म्हणजे तुझ्या बाबांचे पाच डोस, त्याच्या खाली काय चाललंय ते त्याला कळतच नाही. आमच्याकडे जो काटा होता तो काचेच्या पेटीत असायचा, खाली दगडी टेबल, कुणी दार आपटलं किंवा एसीचा झोत आला तरी आकडा हलायचा, आम्ही श्वास धरून वजन करायचो.

मग तू म्हणशील, एकदम १०० कॅप्सूलचं औषध वजन करतो आणि भरताडात मिसळतो. बरोबर, कारखान्यात पण तसंच करतात. पण मिसळणं हीच खरी गोम आहे. दिवाळीचा चिवड्याचा डबा आठव. आई सगळं परातीत छान एकत्र करते, शेंगदाणे, डाळं, खोबरं, मसाला, आणि चार दिवसांनी डबा उघडला की दाणे वर आणि तिखट-मीठ-साखर सगळं तळाला, शेवटचा बोकाणा भरणाऱ्याच्या तोंडाला आग. कुणी वाईट मिसळलेला नसतो, डबा हलत राहिला की बारीक खाली जातं, जाडं वर येतं, ते होणारच. पावडरचं अगदी हेच होतं, आणि पांढऱ्यात पांढरं असल्यामुळे तुला दिसतही नाही. कॅप्सूल भरता भरता, पावडर टेबलावर ठोकता ठोकता औषध खाली बसत जातं. पहिल्या वीस कॅप्सूलमध्ये प्रत्येकी अर्धा मिलिग्रॅम, शेवटच्या वीसमध्ये पाच-पाच. एकूण औषध बरोबर, सरासरी बरोबर, आणि तरी बाबांनी सोमवारी जेमतेम पाव डोस घेतला आणि शुक्रवारी अडीचपट घेतला. म्हणूनच अशा छोट्या डोसच्या गोळ्यांची सरासरी बघून भागत नाही, दहा गोळ्या एकेक करून सोडवून प्रत्येकीत किती औषध आहे ते मोजावं लागतं. मी हे हजारो वेळा केलंय, आणि चांगल्या मशिनवर, चांगल्या लोकांनी मिसळलेला माल सुद्धा फेल गेलेला बघितलाय.

आणि एसिट्रॉममध्ये चूक म्हणजे काय होतं हे तुम्हा घरच्यांना मी सांगायला नको. कमी पडली तर व्हॉल्व्हवर गुठळी, ती सुटली तर लकवा. जास्त झाली तर आतल्या आत ब्लीडिंग, मेंदूत झालं तर संपलं. तुम्ही आयएनआर करता ना, रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, त्या वहीत बघ, डॉक्टर अर्ध्या गोळीनं वरखाली करतात, तेवढ्यानं आकडा बदलतो. मेथी-पालक एकदम जास्त खाल्ला तरी बदलतो. इतक्या नाजूक ठिकाणी घरची कॅप्सूल नको रे.

बाकीच्या गोळ्यांचं तयार पावडर मागवण्याबद्दल. हा रस्ता तुला जास्त सेफ वाटतोय, मला तो जास्त भीतीचा वाटतो, कारण रिॲक्शन तू केलीस तर निदान आत काय टाकलं ते तुला माहीत असतं, पावडरच्या पाकिटात काय आहे ते तुला फक्त लेबल सांगतं. आमच्याकडे नियम होता, एकाच सप्लायरकडून एकाच बॅचचे चाळीस ड्रम आले तरी चाळीसच्या चाळीस ड्रम उघडून प्रत्येकातलं सॅम्पल घेऊन ते तेच औषध आहे का बघायचं. नवीन मुलं वैतागायची. मीही वैतागले होते पहिल्या वर्षी. मग एका संध्याकाळी, शिफ्ट संपायला अर्धा तास असताना, सदतिसाव्या की अडतिसाव्या ड्रमचा आयआरचा, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी औषध ओळखणाऱ्या मशिनचा, आलेख बाकीच्यांवर बसेना. मला वाटलं सॅम्पल नीट दाबलं गेलं नाही, परत केलं, परत तसंच. सील तेच, लेबल तेच, पावडर तितकीच पांढरी. आत दुसरंच औषध होतं, भरणाऱ्याकडे ड्रम बदलला होता. त्या दिवसानंतर मी कधी "एवढं काय बघायचं" म्हणाले नाही. तुझ्याकडे आयआर नाही. ऑनलाइन पावडरींवर बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेलं असतं की माणसांसाठी नाही, ते शोभेला लिहिलेलं नसतं.

आणि लेबल खोटं असलं की काय होतं ते आपल्या शहरानं बघितलंय. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. हॉस्पिटलमध्ये १४ पेशंट गेले. मेंदूतलं, डोळ्यातलं प्रेशर कमी करायला ग्लिसरीन पाजतात, त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. दिसायला तसंच, तसंच घट्टसर, चवीला गोड, आणि किडन्या बंद पाडणारं. जस्टिस लेंटिन यांचं कमिशन बसलं. मी तेव्हा पहिल्या नोकरीत होते, आमच्या साहेबांनी रोजचा पेपर लॅबच्या टेबलावर आणून ठेवायला सुरुवात केली, सगळ्यांनी वाचायचा. आणि हे पहिल्यांदा झालं नव्हतं, १९३७ मध्ये अमेरिकेत जंतुसंसर्गावरच्या एका गोड औषधात हेच द्रव वापरलं गेलं आणि शंभरावर माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. आणि शेवटचंही नव्हतं, २०२२ मध्ये गांबियात आपल्या देशातल्या सिरपनं, २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला, लहान लहान मुलं. लायसन असलेल्या कारखान्यांत हे झालं, कारण कुणीतरी तपासायचं सोडलं. मग तू म्हणशील, कारखाने पण असेच तर घरचं काय वाईट? ते चुकले ते तपासलं नाही म्हणून, आणि घरी तर तपासायला काहीच नाही, म्हणजे त्यांची चूक तुझ्याकडे रोजचीच.

शिकलेल्या माणसाचं काय होऊ शकतं ते पण सांगते, कारण तू म्हणतोस मला रिॲक्शन वाचता येतात. १९७६ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमध्ये केमिस्ट्री शिकणारा २३ वर्षांचा मुलगा घरी स्वतःसाठी एक नशेचं औषध बनवत होता. तुझा हेतू वेगळा आहे, मला माहितेय, केमिस्ट्री बघ फक्त. काही महिने त्याला नीट जमलं. मग एकदा घाईत त्यानं शॉर्टकट घेतला, त्यातून एक दुसरंच द्रव्य तयार झालं, एमपीटीपी, आणि काही दिवसांत त्याला म्हाताऱ्या माणसासारखा पार्किन्सन्स झाला, हात-पाय आखडले, बोलता येईना. मेंदूतल्या ज्या पेशी गेल्या त्या परत आल्या नाहीत. त्याला रिॲक्शन वाचता येत होत्याच की.

जागेचा विचार केलायस का? तुमची चाळीतली खोली, आतल्या बाजूला मोरी, शेजारी गॅस, कोपऱ्यात देवघर आणि त्यात आईचा दिवा. ईथर, हेक्झेन, ॲसिटोन यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते, गॅसपर्यंत किंवा समईपर्यंत पोचायला तिला वेळ लागत नाही. लाकडी जिने असलेल्या चाळीत आग म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. उरलेलं सॉल्व्हंट मोरीत ओतणार, ते खालच्या मजल्याच्या पाइपातून जाणार. आणि ॲसेटिक अनहायड्राइडसारखी काही केमिकल्स अशी आहेत की त्यांच्यावर नार्कोटिक्सच्या कायद्याचं लक्ष असतं, ती घरी बाटलीभर सापडली तर बाबांची गोळी बनवत होतो हे पोलिसांना समजावत बसावं लागेल.

चाळीतल्या दोघातिघांना देईन म्हणालास, तिथं मात्र मी एकदम थांबवते तुला. १९४० चा औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायदा आहे त्यात विकण्यासाठी किंवा वाटण्यासाठी औषध बनवायला लायसन लागतं. वाटण्यासाठी हा शब्द लक्षात घे. पैसे न घेता, प्रेमानं दिलं तरी ते वाटणंच. आणि कायदा बाजूला ठेव, खालच्या मजल्यावरच्या काकांना तुझ्या कॅप्सूलनं काही झालं तर तू त्या जिन्यानं परत वरखाली करू शकशील का?

तुझ्या घरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, गेटवरून शंभर वेळा गेला असशील. वाल्डेमार हाफकिन मुंबईत प्लेग आला तेव्हा आला, भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत लस बनवली, आणि १० जानेवारी १८९७ ला पहिलं इंजेक्शन स्वतःला टोचून घेतलं. असं धाडस मला पण भारावून टाकतं. पण पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावी १०७ लोकांना ती लस टोचली, पाच बाटल्यांमधून. त्यातल्या एका बाटलीतून ज्या १९ जणांना दिली ते सगळे धनुर्वातानं गेले. बाकी चार बाटल्यांतल्या कुणाला काही झालं नाही. लस चांगलीच होती, एक बाटली बिघडली, बूच उघडताना खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक केला नव्हता असं पुढे बाहेर आलं. हाफकिनला सस्पेंड केलं, निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. एवढा मोठा माणूस, एवढं चांगलं औषध, आणि जमिनीवर पडलेला एक चिमटा. लॅबमध्ये नवीन मुलं आली की मी त्यांना ही गोष्ट सांगायचे.

आता आईचा काढा. आईला वाईट वाटू देऊ नकोस, पण तुमच्या घरात घरगुती औषध आधीच चालू आहे आणि मला तुझ्या कॅप्सूलपेक्षा आज त्याचीच जास्त काळजी आहे, कारण तू अजून सुरू केलेलं नाहीस, तो रोज चाललाय. कोविडच्या काळात लोक रोज गुळवेल घ्यायला लागले आणि २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी लिव्हर बिघडलेल्या सहा पेशंटच्या केसेस छापल्या, सगळे गुळवेल घेणारे. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असेल असं त्यांचं म्हणणं होतं. कुठलंही खरं धर, आईला तरी बाजारात वेल घेताना फरक कसा कळणार? आणि एसिट्रॉम लिव्हरमधूनच काम करते, लिव्हर जरा इकडेतिकडे झालं की आयएनआर हलणार. काढा बंद करा आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सांगा की इतके महिने देत होतो. लपवू नका, ओरडले तर ओरडू दे. सर्दीला आल्याचा चहा, मिठाच्या गुळण्या, वाफ, याला माझी काही हरकत नाही.

घरी बनवलेलं औषध म्हटलं की मला एकच आठवतं जे खरंच औषध आहे, आणि ते म्हणजे मीठ-साखरेचं पाणी. १९७१ मध्ये बांगलादेशचे निर्वासित आले तेव्हा बनगावच्या कॅम्पमध्ये कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पिशव्यांत भरून पाण्यात विरघळवून पाजायला सुरुवात केली, पाजायचे पेशंटचे नातेवाईकच. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. हे घरी का चालतं, तर साखर ही साखरच आहे हे तुला माहीत असतं, चमचा थोडा इकडेतिकडे झाला तरी सहसा माणूस सांभाळला जातो, आणि चव घेऊनच कळतं की मीठ जास्त झालं, अश्रूपेक्षा खारट लागलं तर फेकून दे. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट. बाबांच्या गोळ्यांत यातली एकही सवलत नाही.

आता बिल. औषधाच्या दुकानातून मागच्या महिन्याचं बिल काढ आणि स्ट्रिप समोर घेऊन बस. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव आणि मिलिग्रॅम असतात ते वहीत उतरव. टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ॲटोर्व्हास्टॅटिन, पॅन्टोप्राझोल, असंच काहीतरी निघेल. ही यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचार, डॉक्टर, हे जेनेरिकमध्ये चालेल का, परवडत नाही. लाजू नकोस, हा प्रश्न त्यांना रोज कुणीतरी विचारतं. मग जनऔषधी केंद्रात जा, देशात १५ हजारांवर झालीयेत, लालबाग-परळच्या आसपासही सापडेल, तिथं ब्रँडपेक्षा निम्म्याहून कमी दरात, काही गोळ्या त्याहून पुष्कळच कमीत मिळतात. एखाद्या गोळीचा सरकारनं ठरवलेला जास्तीत जास्त दर किती ते फार्मा सही दाम ॲपवर बघता येतं. केईएम तुमच्या दाराशी आहे, तिथल्या ओपीडीत फॉलोअप ठेवलात तर काही औषधं तिथंच मिळतात. लाइन असते, सकाळ जाते, पण तू शनिवारी सुट्टीचा असशील तर बाबांसोबत तू जा.

फक्त एक, आणि हे वाचून घाईत सोडू नकोस. एसिट्रॉमचा ब्रँड आपला आपण बदलायचा नाही. बीपीची गोळी एका कंपनीची सोडून दुसऱ्याची घेतली तर बहुतेकांना काही होत नाही, पण रक्त पातळ करायच्या गोळीला कंपनी बदलली तर डॉक्टरांना सांगून, आणि मग आठवड्यात आयएनआर करून. दुकानदार म्हणाला "सेमच आहे हो", तरी. खर्च बाकीच्या चार गोळ्यांत कमी कर, ही एक आहे तशीच राहू दे.

आणि चाळीतल्या लोकांना मदत करायची तुझी इच्छा माझ्या मनाला खरंच भिडली. एखाद्या रविवारी गॅलरीत चटई टाकून बस, तिघांना आपापली बिलं आणि स्ट्रिप घेऊन यायला सांग, तुला औषधांची नावं वाचता येतात जी त्यांना येत नाहीत, कुणाला एकच औषध दोन वेगळ्या ब्रँडनं दोन डॉक्टरांनी दिलंय ते तुला लगेच दिसेल, आणि मी पैजेवर सांगते की एका तरी घरी ते निघेल. गोळ्या तू बंद करायच्या नाहीस, यादी करून द्यायची आणि डॉक्टरांकडे पाठवायचं. बाबांची यादी झाली की मला पाठव, सोबत आयएनआरच्या वहीच्या शेवटच्या दोन पानांचा फोटो पण पाठव. काढा कधीपासून चालू आहे ती तारीख आईला विचारून त्याच कागदावर लिही.